आधी अव्वाचं रान

दादा,

तू गेल्यापासून घरात सकाळी कुणी कुणाला उठवत नाही. ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा तो उठतो, आणि मग सगळेच उशीर झाल्यासारखे एकमेकांकडं बघत बसतो. वहिनी चहा टाकते. कप मांडताना तिचा हात मध्येच थांबतो आणि एक कप ती परत फळीवर ठेवते.

माणसं अजून भेटायला येतात. लष्करात किती वर्षं होतास, कुठल्या कुठल्या सरहद्दीवर होतास, मेडलं कशाची मिळाली, असं मला विचारतात. मला त्यातलं धड काही सांगता येत नाही. तूच कधी सांगितलं नाहीस. तुझी मेडलं ट्रंकेत, वहिनीच्या लग्नातल्या शालूखाली पडलेली असायची. मला जे ठाऊक आहे ते कुणी विचारत नाही, म्हणून तुझ्याशीच बोलतोय.

तू कायमचा घरी आलास तो दिवस आठवतो का? मोहोळच्या स्टँडवरनं रिक्षात काळी ट्रंक आणि वळकटी टाकून आला होतास. हात-पाय धुतलेस न धुतलेस, तोवर मामा बोललेच. ते त्यासाठीच आदल्या दिवशी येऊन बसले होते.

"दत्ता, आता तू आलास. दोघंबी कर्तेसवरते झालात. गोडीत हाय तवर वाटण्या करून घ्या."

मी दारात बैलाचा कासरा हातात धरून उभा होतो. दादा, खरं सांगतो, मी मनाची तयारी करून ठेवली होती. तू पलटणीत गेलास तेव्हा मी नुकता शाळेतनं बाहेर पडलो होतो. आबांची कंबर गेली आणि सगळं रान माझ्या अंगावर आलं. खालच्या रानातला दगड वेचला, बांध घातले, विहिरीचा गाळ काढला. तरी निम्मं तुझंच, त्यात काही वावगं नव्हतं. विहिरीकडचा काळा तुकडा तुला द्यायचा आणि वरचं मुरमाड आपण ठेवायचं, इथपर्यंत मी ठरवून बसलो होतो.

तू टॉवेलनं तोंड पुसत म्हणालास, "मामा, मला रायफल खोलून जोडता येती. पेरायची पाभर धरता येत न्हाय. निम्मं रान घिऊन काय करू? त्यात कवायत घिऊ?"

सगळे हसले. तू नाही हसलास. माझ्याकडं वळून म्हणालास, "बाळू, मला शिकवशील का?"

थोरला भाऊ, ज्याला अख्खं गाव मेजर म्हणतं, तो चारचौघांत धाकट्याला असं विचारतो. मी "चा घे आधी," एवढंच म्हणालो. मामा पुढच्याच गाडीनं निघून गेले आणि वाटणीचा विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही.

विद्यार्थी म्हणून तू लई अवघड होतास. लिंबाची रोपं लावायची तर दोरी धरून, एक डोळा मिटून ओळी आखायचास. मी म्हणायचो, "दादा, झाडं काय सलामी देणार न्हाईत." तू म्हणायचास, "देतील. बघच तू." पेंडीची रिकामी पोती कपड्यासारख्या घड्या घालून ठेवायचास. म्हशीला वैरण घालायची वेळ चुकली तर म्हशीपेक्षा तूच जास्त बेचैन. पहिल्या वर्षी तू पाभर धरलीस ती ओळ बघायला शेजारचे बांधावर येऊन थांबले होते. बर्फानं तुझ्या डाव्या पायाची दोन बोटं खाल्ली होती. ढेकळांत तोल जायचा, की पाभर तिरकी व्हायची. ज्वारी उगवून आल्यावर तुझी वाकडी ओळ रस्त्यावरनंसुद्धा दिसायची. मला वाटलं, आता हा सोडून देईल. तू मोटारसायकलवरनं येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचास, "ती वाकडी हाय न्हवं, ती माझी."

आणि मग आपली भांडणं सुरू झाली.

मी म्हणायचो, दाणा खोल, ओलीत पडला पाहिजे. तू म्हणायचास, वर पेर, लवकर उगवतंय. मी म्हणायचो, पेरणी बैलानंच करायची, ट्रॅक्टरनं रान दाबतं. तू म्हणायचास, जग कुठं चाललंय आणि तू बैलाचं शेपूट धरून बसलाईस. आणि कोळपणी! मी आयुष्यभर हेच बघत आलोय, की आपल्या काळ्या रानाला भेग पडू द्यायची नाही. कोळपं चाललं की भेग बुजते, ओल आत राहते. पाऊस गेल्यावर आपल्याकडं तेच पाणी. तू म्हणायचास, कशाला तीन-तीनदा कोळपायचं, मुळ्या तुटत्यात. एकदा बांधावर भाकरी खाताखाता हा विषय निघाला तो दिवस मावळेपर्यंत संपला नाही. वहिनी न्यायला आली तेव्हा आपण दोघं रानाच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांवर ओरडत होतो.

शेवटी करायचास मी सांगितलं तसंच. पण कबूल म्हणून कधी करायचा नाहीस. "तू धाकटा हाईस, तुझं मन मोडू नये म्हणून," असं म्हणून कोळपं हातात घ्यायचास.

दुष्काळाच्या साली आपण चारा छावणीत जनावरं घेऊन राहिलो, तेव्हाचा तू मला फार जवळचा वाटतोस. टँकर आला की झुंबड उडायची. जे दांडगे, त्यांच्या म्हशी आधी पाणी प्यायच्या. मेंढरंवाल्या बायका बादल्या घेऊन मागं उभ्या. दुसऱ्या दिवशी तू टँकरच्या नळापाशी जाऊन उभा राहिलास. काठी नाही, शिवी नाही. नुसता उभा. एक जण अंगावर आला, "तू कोण रं सांगणार?" तू म्हणालास, "मी कोण न्हाय. आमची बैलं सगळ्यात शेवटी पाणी पितील. तुमची त्याच्या आधी कवाबी पाजा. पण ह्या बाया पयल्या." आपली बैलं शेवटी, हे ऐकल्यावर कुणाला बोलायला जागाच राहिली नाही. छावणी उठेपर्यंत तीच रांग चालली. मी तुझ्यावर चिडलो होतो, कारण शेवटी टँकरच्या तळाचं गढूळ पाणी आपल्या वाट्याला यायचं. तू ते फडक्यातनं गाळून घ्यायचास आणि बैलांना म्हणायचास, "प्या मर्दांनो, बर्फापेक्षा बरं हाय."

पण आपलं सगळ्यात मोठं भांडण अव्वाच्या रानावरनं.

दरवर्षी हस्ताचा पाऊस पडून रानात वाफसा आला, पेरायला घ्यायची वेळ झाली, की तू पिशवी उचलायचास आणि अक्कलकोटच्या पलीकडं, हद्दीवरच्या त्या गावाला निघायचास. तिथं नीलव्वा राहते, तुझ्या पलटणीतल्या सिद्धरामची आई. तूही तिला अव्वा, आईच, म्हणायचास. सिद्धराम गेलेला, घरात दुसरं कुणी नाही, थोडं कोरडवाहू रान. ते पेरून तू परत यायचास आणि मग आपली पेरणी. मला एवढंच ठाऊक होतं. मदत करावी, त्याला माझी ना नव्हती. पण वाफसा काय कुणासाठी थांबतो? तिकडं जी ओल, तीच इकडं. एके वर्षी पावसानंतर असं ऊन पडलं की तू परत येईस्तोवर खालच्या रानाचा वरचा थर वाळून गेला. उगवण विरळ झाली. टक्कल पडल्यासारखं रान दिसायला लागलं.

मी त्या दिवशी तुला बाभळीखाली बसवून बोललो. "आधी आपलं, मग दुसऱ्याचं. एवढं साधं कळंना का तुला?"

तू भाकरी खाली ठेवलीस. "तिचं आधी," म्हणालास.

"का पण?"

तू बराच वेळ पायाच्या तुटक्या बोटांवरची माती काढत बसलास. मग सांगितलंस. पलटणीबद्दल तू मला सांगितलेली तेवढी एकच गोष्ट. सिद्धरामची रजा मंजूर झाली होती. पेरणीसाठीच मागितली होती. वरच्या चौकीवरनं खाली उतरायची वाट बर्फानं बंद होती, ती मोकळी व्हायची तो वाट बघत होता. रोज बाहेर येऊन आभाळ बघायचा आणि म्हणायचा, आमच्याकडं आता वाफसा आला असंल. त्या वाट बघण्याच्या दिवसांतच बर्फाचा कडा चौकीवर कोसळला. तुम्ही त्याला शोधून काढलंत तेव्हा त्याची पिशवी भरलेली, बंद लावलेली तशीच होती.

"त्याची पेरणी राहिली, बाळू," तू म्हणालास. "वेळेवर व्हायला पाहिजे ती. उशिरा करून काय उपयोग?"

मला ते पटलं नाही, सांगतो. आपली ज्वारी विरळच होती आणि वैरण त्या वर्षी आपल्याला कमी पडली. पुढंही दर हस्तात माझी कुरकुर चालूच राहिली. पण पिशवी मी भरून द्यायला लागलो. बियाणंही आपल्या खळ्यातलं, कणसं निवडून काढलेलं.

ह्या वर्षी तुला चार पावलं टाकली की धाप लागायची. वहिनी म्हणाली, "एकटं सोडायची न्हाय मी." म्हणून मी तुझ्याबरोबर आलो, पहिल्यांदाच. केवढीशी ती अव्वा! तुला बघून दारातनंच "बा, बा", म्हणजे ये, ये, करत आली आणि तुझ्या तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. तू तिच्याशी कन्नडमध्ये असा बोलायला लागलास की मी बघतच राहिलो. सिद्धरामनं तुला चौकीवर शिकवलेली ती भाषा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू बांधावर खुर्ची टाकून बसलास आणि मी तिथली बैलं घेऊन पाभर चालवली. ओळीच्या शेवटी वळताना दिसायचं, तू माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगतोयस आणि अव्वा मान डोलावतेय.

"काय सांगत होतास?" मी विचारलं.

"काय न्हाय. लई खातो म्हणलं हा, भाकरी जास्त टाक."

परत येताना गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपलास. तुझा श्वास घरघरत होता. मला वाटत होतं, बोलावं काहीतरी. पण जे भांडून बोलायची सवय, ते साधं कसं बोलायचं ते मला येईना.

त्यानंतर सोलापूरचं हॉस्पिटल. डॉक्टरांनी तुला बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. तू नळीच्या बाजूनं मला विचारलंस, "कोळपणी झाली?"

"झाली. दोनदा. तिसरी धरलीय."

"तिसरी कशाला? मुळ्या तुटत्यात."

"गप पड तू."

"मी गप पडलो की तू जिकलास म्हणशील."

तू हसलास, खोकला आला, नर्स धावत आली आणि मलाच रागावली. आपलं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवसापासून तू नुसता बघायचास.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. जिल्ह्यातले तुझे जुने सोबती आले, कुणी काठी टेकत, कुणी पोराच्या गाडीवर. तिरंगा आणला. "अमर रहे" म्हणाले. एवढी माणसं आपल्या आळीत मी कधी पाहिली नव्हती. मी सगळ्यांना नुसते हात जोडत होतो.

तेराव्याला अव्वा आली. सोलापुरात गाडी बदलून, शेजारच्या महानंदाला बरोबर घेऊन. महानंदाचं माहेर सोलापूरचं, तिला मराठी येतं. अव्वा रडली नाही. वहिनीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसली. पानावर बसायच्या आधी मला खुणेनं म्हणाली, रान दाखव.

ज्वारी कमरेच्या वर गेलेली, कणसं बाहेर पडत होती. अव्वा दोन ओळींच्या मध्ये उकिडवी बसली आणि हातानं माती चाचपत पुढं पुढं सरकत गेली. मग वर बघून काहीतरी म्हणाली.

महानंदा म्हणाली, "भेग कुटंच न्हाय म्हणतीया. तुमचा भाऊ सांगत होता ते खरं हाय म्हणतीया."

"काय सांगत होता?"

अव्वानं तुझा आवाज काढला, दादा. मान ताठ करून, एक बोट वर करून. "नन तम्म हेळतान!"

महानंदाला हसू आवरेना. "माझा धाकटा भाऊ म्हणतो! सारखं ह्येच. आमच्या गावात कुणी कायबी बोललं की मेजरचं सुरू. माझा धाकटा भाऊ म्हणतो, दाणा ओलीत पडला पायजे. माझा धाकटा भाऊ म्हणतो, तीन कोळपण्या, त्याच्या खाली न्हाय. एकजण ट्रॅक्टर घिऊन आला पेरायला, तर त्याला बांधावरनं परत लावला. म्हणाले, रान दाबतंय, माझा धाकटा भाऊ म्हणतो. गावातली पोरं मागनं त्यांनाच 'तम्मा', म्हंजी धाकटा भाऊ, म्हणायला लागली. यंदा तुमी पाभर धरली, तवा अव्वाला सांगत होते, बघ, ह्यो त्यो. ह्याच्याकडनं शिकलो मी."

मी ज्वारीत उभा राहून हसायला लागलो. घरात तेराव्याची पंगत बसायची होती, बांधावर माणसं होती, आणि मी हसत होतो. अव्वाही तोंडाला पदर लावून हसली. मग माझं हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते मला कळलं नाही. तुझ्या अंत्ययात्रेत जे आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. अव्वा उठली, माझं डोकं तिच्या खांद्यापर्यंत खाली ओढलं आणि "तम्मा, तम्मा" म्हणत थापटत राहिली.

पाहुणे पांगल्यावर मी वहिनीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"मला ठावं होतं की," ती म्हणाली. "मी कितींदा म्हणलं, एकदा भावजींच्या तोंडावर सांगा. तर म्हणायचे, सांगितलं तर उद्यापासनं रानात गप बसंल त्यो. म्हणायचे, मी रजेवर यायचो तवा बाळू नुसता बैलांशी बोलायचा. माणसांशी बोलायचं इसरला होता. त्याला बोलतं ठिवायचं तर आडवंच जावं लागतंय."

दादा, हे खरं आहे. तू नव्हतास त्या वर्षांत रानात मी एकटा असायचो. आबा अंथरुणावर. दिवस दिवस तोंडातनं शब्द निघायचा नाही. बायको म्हणायची, भिंतीशी लगीन लागलंय माझं. ते कधी थांबलं याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटायचं, तू हट्टी आहेस. तुला समजावता समजावता माझं मलाच नीट कळायला लागलं, की ओल म्हणजे काय, भेग म्हणजे काय. आधी हात करत होते, मग तोंडानं सांगता यायला लागलं. आता गावातली माणसं मला बोलावून विचारतात. गेल्या वर्षी पेरणीच्या आधी शाळेच्या पटांगणात मी शेतकऱ्यांपुढं उभा राहून बोललो, तेव्हा तू शेवटच्या रांगेत बसून मध्येच ओरडलास, "वर पेरलं तर काय हुतंय?" सगळे वळून बघायला लागले. मी तापलो आणि असा काही बोललो, असा काही बोललो! तू मान खाली घालून मिशीत हसत होतास. मला त्या दिवशी वाटलं होतं, हा चारचौघांतही सोडत नाही.

तू देशासाठी काय केलंस ते तुझे सोबती सांगतील, त्यांना ते माहीत आहे. सिद्धरामच्या आईसाठी काय केलंस ते तिकडचं गाव सांगेल. तू घरी आलास, वाटा मागितला नाहीस, माझ्या हाताखाली राबलास, आणि इतकी वर्षं माझ्याशी खोटं खोटं भांडून मला माणसांत आणलंस, एवढं मात्र मलाच सांगावं लागेल. आणि बघ, दादा, सांगता येतंय.